आधी मार्ग सांगा, मग औषध: परदेशवारीबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत परदेश प्रवासाबद्दलची पत्रे सर्वाधिक आहेत. ‘बरोबर कोणत्या गोळ्या घेऊ?’ हे जवळजवळ प्रत्येकाने विचारले आहे. पण निघायची तारीख, वाटेतले मुक्काम आणि आधीपासून चालू असलेली औषधे फार थोड्यांनी लिहिली आहेत. उत्तर मात्र त्यांवरच ठरते. लशीला अंगात मुरायला दिवस लागतात, उंचीची सवय व्हायला रात्री लागतात आणि काही देशांत आपली नेहमीची गोळीच अडचणीत आणते. म्हणून तिकीट हातात आले की साधारण सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा आणि सहलीचा दिवसवार कार्यक्रम बरोबर न्या.

ऑगस्टमध्ये आम्ही चौघे आठ दिवसांसाठी केनियाला जात आहोत: नैरोबी, नाकुरू आणि मसाई मारा. टूरवाल्यांनी पिवळ्या तापाची लस घ्यायला सांगितली आहे. आई 66 वर्षांची आहे, ती लशीला घाबरते. शिवाय मलेरिया आपल्याकडेही असतोच, मग त्याच्या गोळ्या कशाला?
वाचक, नाशिक

भारतातून थेट केनियात जाताना तिथे पिवळ्या तापाचे प्रमाणपत्र मागत नाहीत. अडचण परतीच्या वेळी येते. केनिया पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे. तिथून येणाऱ्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल तर भारतातले विमानतळ आरोग्य अधिकारी त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. हा नियम जाचक वाटतो, पण त्यामागचे कारण खरे आहे. हा रोग भारतात आजवर आलेला नाही. तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, मात्र आपल्या घराघरात आहे आणि आपल्यापैकी जवळपास कोणालाच लस मिळालेली नाही. विषाणू रक्तात घेऊन आलेला एक प्रवासीही आगीची ठिणगी ठरू शकतो.

लशीचा एकच डोस असतो, 0.5 मिलिलिटर. प्रमाणपत्र दहाव्या दिवशी लागू होते आणि 11 जुलै 2016 पासून ते आयुष्यभर चालते, त्यामुळे ‘दहा वर्षांनी पुन्हा घ्या’ असे कोणी सांगितले तर ऐकू नका. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून बरीच केंद्रे ठरावीक दिवशीच, आधी नोंदणी केलेल्यांना लस देतात. ‘निघायच्या आठवड्यात घेऊ’ म्हणणारे इथेच अडकतात. पासपोर्ट बरोबर न्या. प्रमाणपत्राची पिवळी पुस्तिका हातात आली की केंद्रातून बाहेर पडण्याआधीच चार गोष्टी तपासा: पासपोर्टवर आहे तसेच नाव, तारीख, लशीचा बॅच क्रमांक आणि शिक्क्यासह सही. गोवर किंवा कांजिण्यांसारखी दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर ती त्याच दिवशी घ्या, नाहीतर चार आठवड्यांनी.

तुमच्या आईची भीती निराधार नाही. ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. साठीनंतर ती पहिल्यांदाच घेणाऱ्यांत मेंदूवर किंवा यकृत-मूत्रपिंडांवर गंभीर परिणाम होण्याचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. तो दुर्मीळ आहे, पण आहे. त्यांना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे का, स्टेरॉइड, केमोथेरपी, थायमस ग्रंथीचा आजार, अंड्याची तीव्र ॲलर्जी यांपैकी काही आहे का, हे केंद्रावरच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. लस देता येत नाही असे ठरले तर तसे पत्र मिळते. पण पत्र असले म्हणजे परतल्यावर सहा दिवसांचे विलगीकरण टळेलच असे नाही. अशा वेळी आईंसाठी यादीबाहेरचा देश निवडणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. येताना अदिस अबाबामार्गे विमान असेल तर लक्षात ठेवा, इथिओपियाही यादीत आहे. विमानतळाबाहेर पाऊल टाकले नसेल तर सूट मिळू शकते, पण ते आरोग्य अधिकाऱ्यावर अवलंबून असते.

आता मलेरिया. नाशिकमध्ये राहून आफ्रिकेतल्या मलेरियाविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होत नाही. तिथे बहुतांश मलेरिया फाल्सिपॅरम जातीचा असतो, म्हणजे दोन दिवसांत मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत पोहोचू शकणारा. घरातली क्लोरोक्विन त्याच्यावर चालत नाही. प्रौढांसाठी सहसा दोन पर्याय असतात. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल (250/100 मिलिग्रॅम) रोज एक घ्यायची, निघण्याच्या दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर सात दिवस. तुमच्या आठ दिवसांसाठी माणशी 17 गोळ्या होतात. दुसरा पर्याय डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅम रोज एक. तीही दोन दिवस आधी सुरू होते, पण परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते, म्हणजे 38 गोळ्या. पहिली दुधाबरोबर किंवा जेवणाबरोबर घ्या, स्निग्ध पदार्थाबरोबर ती चांगली शोषली जाते. दुसरी मात्र दूध, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांपासून लांब ठेवायची, पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्यायची आणि त्यानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. झोपताना घोटभर पाण्याने गिळलेली डॉक्सीसायक्लिन अन्ननलिकेला चिकटून जखम करते. तिने त्वचाही उन्हाला हळवी होते आणि सफारीत उघड्या छताच्या गाडीत दिवसभर ऊन लागते. आठ वर्षांखालील मुले आणि गर्भवती यांना ती देत नाहीत. कोणती घ्यायची हे डॉक्टर ठरवतील. पहिली सगळ्या दुकानांत मिळत नाही, तेव्हा आधीच मागवून ठेवा.

गोळ्या बहुतेकदा फसतात त्या घरी आल्यावर. ‘आलो सुखरूप’ म्हणून पाकीट कपाटात जाते आणि यकृतात दडलेले परजीवी तेव्हाच रक्तात उतरतात.

आमचा बारा जणांचा गट पोखराहून मुक्तिनाथला जाणार आहे. बहुतेक जण साठीपुढचे. दोघांना मधुमेह, एकांची अँजिओप्लास्टी झाली आहे. कापराची पुरचुंडी जवळ ठेवली की ऑक्सिजन कमी पडत नाही म्हणतात. ते खरे का?
वाचक, सातारा

नाही. कापराच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, कारण तो नाकातल्या थंडाव्याच्या संवेदना जाग्या करतो. रक्तातला ऑक्सिजन त्याने कणभरही वाढत नाही. उलट ‘बरे वाटतेय’ म्हणून माणूस वर चढत राहतो, तो धोका मोठा. गटात लहान मूल असेल तर पुरचुंडी त्याच्या हाताला लागू देऊ नका. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

पोखरा साधारण 800 मीटरवर, जोमसोम 2,700 च्या आसपास आणि मुक्तिनाथ 3,700 मीटरच्या वर. विमान आणि जीपने हा सगळा चढ एका सकाळीत होतो. मंदिराजवळ प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. विरळ हवेचा त्रास लगेच जाणवत नाही, सहसा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. म्हणून दर्शन घेऊन दुपारपर्यंत खाली उतरणाऱ्यांना बहुधा निभावते आणि वरच मुक्काम करणाऱ्यांना रात्री डोकेदुखी, मळमळ, गरगरणे सुरू होते.

टूरवाल्यांशी भांडावे लागले तरी कार्यक्रम असा ठरवून घ्या: पहिली रात्र जोमसोम किंवा कागबेनीला, दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्तिनाथ, झोपायला परत खाली. जोमसोमच्या खोऱ्यात सकाळ उलटली की वारा सुटतो, म्हणून विमाने फक्त सकाळी उडतात आणि ढग असले की तीही रद्द होतात. प्रत्येकाने आपली रोजची औषधे किमान तीन दिवसांची जास्त ठेवावीत. ‘बॅग पोखऱ्यालाच राहिली’ हे इन्सुलिनवाल्याला परवडणारे नाही.

विरळ हवेच्या त्रासावर ॲसिटाझोलामाइड ही गोळी उपयोगी आहे. मात्रा 125 मिलिग्रॅम, म्हणजे 250 ची अर्धी, दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतील, लघवी जास्त होईल, ते अपेक्षित आहे. सल्फा औषधांची तीव्र ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. झोपेची गोळी आणि मद्य दोन्ही तिथे वर्ज्य, कारण झोपेतला श्वास आणखी मंदावतो.

बोटाला लावायचे ऑक्सिमीटर न्या, पण त्याच्या आकड्याने घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. त्या उंचीवर 85 ते 90 हा आकडा अनेक निरोगी माणसांत दिसतो, आणि गार बोटावर तो खोटाच कमी येतो. आधी हात चोळून गरम करा. आकड्यापेक्षा माणूस बघा. टाचेला पंजा लावून सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगा. तोल जात असेल, बोलणे विसंगत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साठत असल्याची खूण समजा. त्याच क्षणी खाली उतरायला लागा, रात्र असली तरी. स्प्रेच्या डब्यातला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो, त्याच्या भरवशावर थांबू नका.

आणि 108 धारांचे स्नान. भक्तीचा भाग आहे, नको म्हणवत नाही. पण बर्फासारखे पाणी अंगावर पडताच रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब आणि नाडी एकदम उसळतात, आणि हे सगळे विरळ हवेत, बहुतेकदा उपाशीपोटी. अँजिओप्लास्टी झालेल्या गृहस्थांनी धारांखालून धावत जाऊ नये, ओंजळीने पाणी डोळ्यांना आणि डोक्याला लावावे. जाण्याआधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी स्ट्रेस टेस्ट सुचवली तर ती टाळू नये.

दिवाळीला दुबईत मुलीकडे जाणार आहोत. फराळ घरूनच नेणार. माझी गुडघेदुखीची आणि यजमानांची झोपेची गोळी चालू आहे. चिठ्ठी घेतली तर पुरेल ना?
वाचक, कोथरूड, पुणे

आधी फराळ. अनारशावर खसखस असते. करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवात आणि बऱ्याच घरांच्या गोड्या मसाल्यातही असते. खसखस अफूच्या बोंडातली, तिच्यावर मॉर्फिनचे अंश चिकटलेले असतात, म्हणून संयुक्त अरब अमिरातीत ती नेण्यास बंदी आहे. सिंगापूरमध्येही आहे. ‘खाण्याची वस्तू आहे’ हे स्पष्टीकरण तिथे ऐकून घेत नाहीत. अनारसे तिळावर थापा, सारणातून खसखस वगळा आणि गोडा मसाला मुलीला तिथेच करू द्या. चिवडा, शंकरपाळी, बेसनाचे लाडू खुशाल न्या.

आता गोळ्या. गुडघेदुखीच्या पाकिटावर पॅरासिटामॉलबरोबर ट्रॅमाडॉल लिहिले आहे का, ते बघा. आपल्याकडे ही जोडगोळी सर्रास दिली जाते. यजमानांची गोळी क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम असेल. ही सगळी तिथे नियंत्रित औषधे आहेत. कोडीनचे खोकल्याचे औषध आणि प्रीगाबालिनही त्याच गटात. नुसती चिठ्ठी पुरत नाही. तिथल्या सरकारी औषध यंत्रणेकडे आधी ऑनलाइन अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. अर्जाला पासपोर्ट, चिठ्ठी आणि डॉक्टरांचा अहवाल जोडायचा. गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीवरच्या नावानेच आणि मुक्कामापुरत्याच असाव्यात. रिकाम्या डबीत सुट्या गोळ्या नेऊ नका. शेजारणीच्या मुलासाठी म्हणून कोणाचेही औषध आपल्या बॅगेत घेऊ नका.

खरे तर डॉक्टरांना विचारा, तेवढ्या दिवसांपुरते ट्रॅमाडॉलविना भागेल का. अनेकांचे साध्या पॅरासिटामॉलवर आणि गुडघ्याच्या पट्ट्यावर भागते. झोपेची गोळी मात्र वर्षानुवर्षे चालू असेल तर अचानक बंद करायची नसते. ती कमी करायची असेल तर आठवडे लागतात, म्हणून आत्ताच भेटा.

आईबाबा सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला येत आहेत. बाबा 71 वर्षांचे, सकाळ-संध्याकाळ 30/70 इन्सुलिन घेतात. आईच्या पायांच्या शिरा फुगलेल्या आहेत. थेट विमान आहे. काय तयारी करावी?
वाचक, एडिसन, न्यू जर्सी

बाबांचे इन्सुलिन आणि ग्लुकोमीटर हँडबॅगेतच. चेक-इन बॅगेत ठेवलेले इन्सुलिन विमानाच्या पोटात गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी निकामी असते. दिसायला ते तसेच दिसते, म्हणून फसगत होते. बर्फाच्या पिशवीला थेट चिकटवूनही ठेवू नका. चालू पेन किंवा कुपी साधारण 25 ते 30 अंशांत चार आठवडे टिकते.

वेळेचा घोळ नीट समजून घ्या. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो. न्यू जर्सी उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे असते, म्हणजे बाबांचा तो दिवस साडेतेहतीस तासांचा होणार. समजा रात्री आठला मुंबईत जेवून इन्सुलिन घेतले आणि दीडच्या सुमारास विमान सुटले. भारतातल्या सकाळी आठच्या सुमारास विमानात खाणे होईल, तिथे नेहमीचा सकाळचा डोस. उतरतील तेव्हा एडिसनमध्ये सकाळ असेल, भारतात दुपारचे साडेचार. इथे गफलत होते. ‘सकाळ झाली’ म्हणून न्याहारीबरोबर पुन्हा सकाळचा पूर्ण डोस घेतला जातो, आधीचा अजून काम करत असताना. त्यांचा संध्याकाळचा डोस तिथल्या साडेदहाच्या सुमारास खाण्याबरोबर येतो आणि त्यानंतर तिथल्या रात्रीच्या जेवणाला एक जास्तीचा, बहुधा कमी केलेला, डोस लागतो. किती कमी, ते त्यांच्या डॉक्टरांनी युनिटमध्ये लिहून द्यावे: विमानातला, उतरल्यावरचा आणि पहिल्या रात्रीचा, तीन ओळी. मनगटावरचे घड्याळ उतरेपर्यंत भारताच्या वेळेवर ठेवा. दर चार तासांनी साखर तपासा. जेवणाचा ट्रे समोर आल्याशिवाय टोचून घ्यायचे नाही, कारण हवाई धक्के बसायला लागले की वाढप तासभर थांबते.

साखर 70 च्या खाली गेली तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे सपाट तीन-चार छोटे चमचे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. चिक्की किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तेला-तुपामुळे साखर उशिरा चढते. रसाची बाटली सुरक्षा तपासणीत अडकू शकते, थोडी ग्लुकोजची पूड सहसा अडकत नाही.

आईंसाठी गुडघ्याखालचे, मापाने घेतलेले दाबमोजे घ्या. पायाचे माप सकाळी उठल्याबरोबर, सूज नसताना घ्यायचे. मोजा वर गोळा होऊन वळ पडला तर तो दोरीसारखा आवळतो आणि उलट नुकसान करतो. चार तासांहून लांब प्रवासात पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो. मुळात तो लहान असतो, निरोगी माणसात साधारण सहा हजारांत एक. पण वय, फुगलेल्या शिरा, नुकतेच झालेले ऑपरेशन, कर्करोग किंवा पूर्वीची गुठळी असेल तर तो तितका लहान राहत नाही. पॅसेजकडची सीट, दर तासाला पावले खाली-वर, दर दोन तासांनी एक फेरी. सीटखाली बॅगा कोंबून पायांची जागा अडवू नका. झोपेची गोळी घेऊन एकाच कुशीवर आठ तास पडून राहणे सर्वांत वाईट. गुठळीसाठी म्हणून स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन सुरू करू नका. उतरल्यावर एकाच पोटरीला सूज आणि दुखणे, किंवा छातीत कळ येऊन धाप, असे झाले तर थेट 911 ला फोन करा.

औषधांच्या नावांची यादी ब्रँडऐवजी मूळ घटकांच्या नावाने करून घ्या. अमेरिकेत पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात आणि ते सर्दीच्या बहुतेक मिश्रणांत असते. भारतातून आणलेली गोळी आणि तिथले सर्दीचे औषध एकत्र घेतले की नकळत दुप्पट मात्रा होते. तिथे वैयक्तिक वापरासाठी साधारण 90 दिवसांची औषधे नेणे हा संकेत आहे. सहा महिन्यांची न्यायची तर मुक्कामाचा काळ लिहिलेले डॉक्टरांचे पत्र आणि मूळ पाकिटे हवीतच.

विम्यात ‘ठरावीक रक्कम’ आणि ‘सर्वसमावेशक’ हा फरक आधी पाहा. पहिल्या प्रकारात खोलीचे दिवसाला इतके डॉलर, ऑपरेशनचे इतके, असे आकडे बांधलेले असतात आणि अमेरिकन बिलापुढे ते तोकडे पडतात. मधुमेहासाठी ‘आधीच्या आजाराचा अचानक तीव्र उद्भव’ हे कलम वाचा. बऱ्याच पॉलिसींत त्याला वयाची मर्यादा असते आणि त्रास सुरू झाल्यापासून 24 तासांत उपचार घेण्याची अट असते. ‘उद्या बघू’ म्हणून थांबले की दावा जातो. साधा ताप किंवा लघवीची जळजळ असेल तर अर्जंट केअरमध्ये न्या, इमर्जन्सी विभागात नको.

युरोपच्या गट सहलीत आमचा महाराज बरोबर असतो, घरच्यासारखे जेवण मिळते. तरीही मागच्या वेळी बसमध्ये अर्ध्या लोकांना उलट्या झाल्या. असे का?
वाचक, कोल्हापूर

दुपारच्या डब्यात पुलाव किंवा दहीभात होता का? तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजे असतात, ती शिजवल्यावरही जगतात. भात 5 ते 60 अंशांच्या मध्ये दोन तासांहून जास्त राहिला की ती वाढतात आणि विष सोडतात. हे विष उष्णतेने जात नाही, म्हणून डबा पुन्हा गरम करून उपयोग नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या, हे त्याचे लक्षण. पहाटे पाचला शिजवून, गरम असतानाच डब्यात दाबून भरून, बसच्या डिकीत दुपारी एकपर्यंत ठेवलेला पुलाव म्हणजे त्या जंतूची सोयच. प्रवासाच्या डब्यात दशमी, थेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी असे कमी ओलीचे पदार्थ मागा. भात संध्याकाळी, डोळ्यांसमोर शिजलेला.

जुलाब झाले तर ओआरएस. पाकिटावर एक लिटर लिहिले असेल तर एक लिटरमध्येच कालवा. ग्लासभर पाण्यात अख्खे पाकीट टाकले तर क्षार इतके तीव्र होतात की जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची पट्टी बरोबर ठेवायची आपली सवय मोडा. आग्नेय आशियात तर नॉरफ्लॉक्सासिनच्या गटातल्या अँटिबायोटिकना न जुमानणारे जंतू भरपूर आहेत. गरज पडलीच तर डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली ॲझिथ्रोमायसिन. जुलाब थांबवणारी लोपेरामाइड ताप किंवा रक्त असेल तेव्हा घेऊ नये. मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, टेल्मिसार्टन किंवा लघवीची गोळी घेणाऱ्यांनी उलट्या-जुलाबांत ती चालू ठेवायची की थांबवायची, हे निघण्याआधीच विचारून लिहून घ्यावे. शरीर सुकलेले असताना हीच औषधे मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

बालीत उबुद आणि उलुवातूला माकडे अंगावर येतात असे ऐकले. मुलगा नऊ वर्षांचा आहे.
वाचक, पणजी

उलुवातूची माकडे चष्मे, टोप्या, फोन ओढतात, मुलाच्या हातात खाऊ ठेवू नका. बालीत 2008 पासून कुत्र्यांमध्ये रेबीज आहे, त्यामुळे माकडाचा किंवा कुत्र्याचा ओरखडाही हलका घ्यायचा नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना लावू नका, पट्टी आवळू नका. त्याच दिवशी लस सुरू करा: शून्य, 3, 7, 14 आणि 28 वा दिवस. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, टोचावे लागते आणि तेच तिथल्या प्रत्येक दवाखान्यात नसते. पहिल्या लशीपासून सात दिवसांच्या आत ते देता येते, म्हणून तिथे नाही मिळाले तरी लस लगेच घ्या आणि शोध चालू ठेवा. जाण्यापूर्वी एक आठवड्याच्या अंतराने लशीचे दोन डोस दिलेत तर चावल्यावर फक्त दोन डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. मूल ओरखडा लपवते, ‘सांगितलेस तर रागावणार नाही’ हे त्याला आधीच सांगा.

अब्बांना उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, नेत आहोत. मधुमेह आहे, पायांना बधिरता आहे.
वाचक, रत्नागिरी

मेंदूज्वराची एसीवायडब्ल्यू लस पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी हवी. कार्डावर ‘कॉन्जुगेट’ लिहिले असेल तर ती पाच वर्षे चालते, नाहीतर तीन. तो शब्द लिहून घ्यायला विसरू नका. तवाफ, म्हणजे काबाभोवतीच्या फेऱ्या, इशाच्या (रात्रीच्या) नमाजानंतर किंवा पहाटे करा. जून 2024 च्या हजमध्ये पारा 51 अंशांवर गेला आणि सौदी सरकारच्या आकड्यानुसार 1,301 यात्रेकरू दगावले. त्यांतले बहुतेक नोंदणीशिवाय आलेले, म्हणजे सावली आणि वातानुकूलित तंबूंविना होते. मताफचा, म्हणजे तवाफच्या अंगणाचा, संगमरवर गार राहतो, पण बाहेरचे चौक आणि रस्ते तळवे भाजतात आणि बधिर पायाला ते कळत नाही. इहराममध्ये (यात्रेच्या वेशात) चालणाऱ्या, घोटे उघडे ठेवणाऱ्या चपला आधी महिनाभर वापरून मऊ करा, आणि रोज रात्री आरशात तळवे बघा. डोके भादरताना नवे पाते डोळ्यांसमोर उघडायला सांगा. उंटाचे कच्चे दूध पिऊ नये.

लग्नानंतर थायलंडला जाणार आहोत. झिकाची काळजी करावी का?
वाचक, ठाणे

लगेच मूल हवे असेल तर हो. झिका हा डासांतून पसरणारा विषाणू पोटातल्या बाळाला इजा करतो. दोघेही जात आहात, तेव्हा परतल्यानंतर तीन महिने गर्भधारणा टाळावी, कारण विषाणू वीर्यात जास्त काळ राहतो. आधीच दिवस गेले असतील तर दुसरे ठिकाण निवडा. एडिस दिवसा चावतो, रात्रीच्या मच्छरदाणीने भागत नाही. 20 ते 50 टक्के डीईईटी असलेले, डास पळवणारे औषध वापरा, आणि सनस्क्रीन आधी, डासांचे औषध त्यावर.

परत आल्यावर ताप आला तर किती दिवसांपर्यंत प्रवासाचा संबंध धरावा?
वाचक, नागपूर

दिवस मोजा, त्यातून अर्धे निदान होते. डेंग्यू चावल्यापासून 4 ते 10 दिवसांत, फार तर 14, त्यामुळे परतून तीन आठवड्यांनी आलेला डेंग्यू तिकडचा नव्हे, इथलाच. टायफॉइडला महिनाही लागू शकतो. फाल्सिपॅरम मलेरिया सातव्या दिवसापासून तीन महिन्यांपर्यंत, आणि व्हायव्हॅक्स ही मलेरियाची दुसरी जात त्याहूनही उशिरा येऊ शकते. आफ्रिकेतून आलेल्या माणसाचा ताप त्याच दिवशी तपासायचा, ‘व्हायरल असेल’ म्हणून तीन दिवस थांबायचे नाही. एक स्मिअर (काचेवरची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला म्हणून मलेरिया नाही असे ठरत नाही, बारा ते चोवीस तासांच्या अंतराने आणखी दोनदा बघतात. डेंग्यूची एनएस-1 ही रक्ततपासणी पहिल्या पाच दिवसांत, नंतर आयजीएम ही. टायफॉइडसाठी विडाल तपासणीपेक्षा ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघणे), आणि तेही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. तोवर तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन नको, डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढतो. रक्त देताना प्रयोगशाळेच्या कागदावरही देशाचे नाव आणि परतल्याची तारीख लिहायला सांगा, म्हणजे काच बघणारा माणूस जास्त वेळ बघतो.